शोसाठी दहा फोटो निघेनात: सोशल मीडिया आणि एका फोटोग्राफरचं प्रकरण

सोशल मीडियामुळे फोटोग्राफरच्या क्रिएटिव्हिटीची वाट लागते का, ह्यावर भांडायला सगळ्यांना आवडतं आणि ते भांडण दरवेळी हवेतच राहतं, कारण कोणी एका माणसाचे सगळे फोटो, चांगले, फसलेले, डिलीट करायचे राहून गेलेले, समोर घेऊन बसत नाही. आम्ही बसलो. ओळखीतल्या एका फोटोग्राफरला एका ग्रुप शोसाठी दहा प्रिंट्स द्यायच्या होत्या, संधी चांगली होती, आणि इन्स्टाग्रामवर हजारोंनी फॉलोअर असलेल्या ह्या बाईला स्वतःच्या कामातून दहा फोटो निघेनात. तिला विचारून लिहितोय, ओळख पटेल असं काही देणार नाही. मी स्वतः फोटो काढण्यापेक्षा दुसऱ्यांचे निवडून द्यायचं काम जास्त करतो, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सुरुवातीला तिचा एकच विषय होता, वाट बघणारी माणसं. स्टेशन, दवाखान्याचा पॅसेज, बँकेची रांग, शाळेच्या गेटबाहेर उभे पालक, जिथे माणसाला थांबण्याशिवाय काही करता येत नाही अशी कुठलीही जागा. फोटो भरगच्च असायचे, पुढे काच, काचेत रिफ्लेक्शन, मागे अजून एक खोली आणि त्या खोलीत अजून कोणीतरी. लाइक्स यथातथाच, पण बघणारे नीट बघायचे. एका अनोळखी माणसाने एका फोटोखाली लांबलचक लिहिलं होतं, मागच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाईने पर्स दोन्ही हातांनी कशी घट्ट धरलीय त्याबद्दल, आणि ती सांगते की फोटो काढताना तिला स्वतःला ती पर्स दिसलीच नव्हती, त्या कमेंटनंतर ती माणसांचे हात बघायला शिकली. हे मुद्दाम नोंदवतोय, कारण पुढे जे येणार आहे त्यात अ‍ॅपला शिव्या घालणं फार सोपं आहे आणि ही शिकवण तिला त्याच अ‍ॅपवर, फुकट, एका अनोळखी माणसाकडून मिळालीय.

मग एक फोटो चालला. धुक्यातून छत्री घेऊन जाणारा माणूस, पाठीमागून उजेड, पूर्ण काळं सिल्हूट, म्हणजे नुसती काळी आकृती, आजूबाजूला काहीच नाही. मोठ्या पेजेसनी उचलला, फॉलोअर झरझर वाढले, ओळखीपाळखीचे लोक मेसेज करायला लागले. फोटो खरंच चांगला आहे, तो माझ्याही लक्षात आहे. पण पुढच्या धुक्यात ती त्याच वेळी त्याच दिशेला तोंड करून उभी होती, आणि त्याच्या पुढच्याही. छत्री गेली सायकल आली, सायकल गेली लाल जॅकेट आलं, माणूस मात्र तेवढाच, तिथेच, पाठमोरा.

असं करणारी ती एकटी नाही हे सांगायला नकोच. २०१८ मध्ये इन्स्टा रिपीट नावाचं एक अकाउंट सुरू झालं होतं, त्यात वेगवेगळ्या लोकांनी काढलेले एकसारखे फोटो चौकटीत शेजारी शेजारी लावलेले असायचे, तंबूच्या दारातून दिसणारा डोंगर, होडीचं टोक, कड्यावर बसलेल्या माणसाचे पाय. ते बघून सगळे हसले. हसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या अकाउंटवर त्यातला एखादा फोटो असणारच.

बरं, पुन्हा प्रकरणावर. शोचं ठरल्यावर तिने सगळ्यात जास्त चाललेले पंचवीस-तीस फोटो साध्या कागदावर ए-फोरमध्ये काढून आणले आणि आम्ही ते जमिनीवर पसरले. पहिल्या मिनिटातच दोघांच्याही लक्षात आलं. एकेक उचललं की छान, एकत्र ठेवले की एकच फोटो पंचवीस वेळा. माणूस मधोमध किंवा मधल्या रेषेच्या जरा खाली, वरचा भाग रिकामा, सावल्या निळसर, उजेड नारिंगी, आणि नव्वद टक्के उभे. त्याहून वाईट म्हणजे मोठं केल्यावर त्यात बघायलाच काही नव्हतं, नजर आत जाते, माणसाला शिवते, बाहेर येते, संपलं. फोनवर एवढंच लागतं, कारण फोनवर तो फोटो अंगठा सरकायच्या आत कळायला हवा असतो. भिंतीवर लावलेल्या प्रिंटसमोर माणूस उभा राहतो, हातात ग्लास असतो, वेळ असतो, त्याला आत हिंडायला जागा लागते. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अरे, हे सगळे थंबनेल आहेत." थंबनेल म्हणजे स्क्रीनवर दिसणारं फोटोचं चिमुकलं रूप.

इथे थोडं गणित करतो, कारण आकाराचा मुद्दा लोक उगाच हलक्यात घेतात. तिचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फ्रेम ६००० बाय ४००० पिक्सेलची, आडवी, रुंदी-उंची ३:२. पोस्ट होतो १०८० बाय १३५० चा उभा तुकडा, तो जेमतेम दीड मेगापिक्सेल, मूळ पिक्सेलच्या सहा टक्के. आडवी फ्रेम पूर्ण उंची ठेवून ४:५ मध्ये उभी क्रॉप केली की ६००० मधले ३२०० पिक्सेल उरतात, जवळजवळ अर्धी फ्रेम गेली. आणि क्रॉप न करता आडवाच टाकला तर स्क्रीनवर १०८० बाय ७२० मिळतात, उभ्या फोटोला मिळते त्याच्या निम्म्याच्या जरा वर जागा. म्हणजे आडवा विचार करणाऱ्याने एकतर बाजूची माणसं कापायची नाहीतर फोटो चिमुकला करून टाकायचा. तिची वाट बघणारी माणसं सगळी बाजूला असायची, कडेला, दारात, काचेपलीकडे, आणि ह्या नियमात पहिला बळी त्यांचाच गेला. कोणी बंदी घातली नव्हती. ती हळूहळू कॅमेरा उभा धरायला लागली, एवढंच.

आता हे माप काही आकाशातून पडलेलं नाही आणि कायमचंही नाही. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आलं तेव्हा फक्त चौकोन होता, आडवं-उभं चालायला ऑगस्ट २०१५ उजाडलं, २०१६ मध्ये फीड वेळेच्या क्रमाने दिसायचं थांबलं, २०२० मध्ये रील्स आले, २०२१ च्या जूनअखेरीस कंपनीच्या प्रमुखांनीच सांगून टाकलं की आम्ही आता नुसतं फोटो शेअर करायचं अ‍ॅप राहिलेलो नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौकोनही लांबुळके झाले, ज्यांनी वर्षानुवर्षं चौकोनात ग्रिड सजवलं होतं त्यांच्या कडा एका रात्रीत हलल्या. चौकोनाबद्दल माझं काही म्हणणं नाही, चौकोनात पूर्वीपासून उत्तम कामं झालीयेत, मीडियम फॉरमॅटवाले, म्हणजे मोठ्या फिल्मचे कॅमेरे वापरणारे, त्यातले कितीतरी आयुष्यभर चौकोनातच बघायचे. पण त्यांनी तो कॅमेरा घेताना चौकोन निवडला होता, आणि दर दोन-चार वर्षांनी कोणी येऊन त्यांचा चौकोन ओढून लांब करत नव्हतं.

खरा पुरावा मात्र पोस्ट केलेल्या फोटोंत नव्हता, तो तिच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे काढलेल्या सगळ्या फोटोंच्या साठ्यात होता. तिने एक चांगली सवय ठेवली होती, रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइल्स, डिलीट करत नाही. लाइटरूम, म्हणजे फोटो लावून, स्टार देऊन निवडायचं सॉफ्टवेअर, उघडलं, सगळं तारखेनुसार लावलं आणि नुसतं वरून खाली बघत गेलो. सुरुवातीच्या काळात एका जागेच्या तीस-चाळीस फ्रेम्स आहेत. दवाखान्याच्या पॅसेजमधला एक सीन आठवतो: पहिली फ्रेम लांबून, अगदी सामान्य. मग ती दोन पावलं डावीकडे सरकलीय, काचेतलं रिफ्लेक्शन आलंय. मग खाली बसलीय. मग एक मुलगा काचेला नाक लावतो, तो पाच-सहा फ्रेम्समध्ये आहे, मग तो निघून जातो आणि ती तरीही थांबलीय, आणि शेवटून तिसऱ्या फ्रेममध्ये काचेवर त्याच्या श्वासाची वाफ तेवढी उरलीय आणि मागच्या बाकावरचा माणूस बरोबर त्या वाफेकडे बघतोय. पहिल्या आणि त्या फ्रेममध्ये वेळेच्या शिक्क्यानुसार अकरा मिनिटांचं अंतर आहे. त्या फ्रेमला तिने एक स्टारसुद्धा दिला नव्हता. का, तर लहान आकारात ती फ्रेम नुसता गोंधळ दिसते.

नंतरच्या काळात एका जागेच्या तीन-चार फ्रेम्स. पहिलीच जवळपास बरोबर, दुसरी सरळ केलेली, तिसरीत माणूस योग्य जागी, बास. म्हणजे ती तिथे काय आहे ते बघायला गेलेलीच नाही, काय मिळवायचं ते घरातूनच ठरवून गेलीय आणि मिळालं की निघालीय. लोक म्हणतील ही सफाई आहे, अनुभव आहे. काही प्रमाणात आहेही. पण अनुभवी माणूस सोपं लवकर उरकून अवघडासाठी वेळ वाचवतो, इथे वाचलेला वेळ कॅप्शन, हॅशटॅग आणि टाकायची वेळ साधण्यात गेलाय. पोस्टच्या तारखा जुळवून बघितल्या तर सकाळचा फोटो दुपारच्या आत फीडवर.

माझ्या मते ह्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. लाइक्समुळे ती बिघडली हे अर्धवट उत्तर झालं. फोटोग्राफीत क्रिएटिव्हिटीचा निम्मा भाग शटर दाबल्यावर सुरू होतो, छाटणी करताना. आपण काय काढलंय हे आपल्यालाच नंतर कळतं. रॉबर्ट फ्रँक ह्या फोटोग्राफरने १९५५ ते ५७ ह्या काळात अमेरिकाभर फिरून फिल्मचे साडेसातशेच्या वर रोल संपवले, २७ हजारांच्या वर फ्रेम्स, आणि पुस्तकात घेतले ८३ फोटो. मधला जो काळ गेला, फोटो भिंतीला टाचून बघण्याचा, तिथे ते काम घडलं. गॅरी विनोग्रँड हे दुसरे फोटोग्राफर तर मुद्दाम रोल वर्ष-वर्ष डेव्हलप न करता ठेवायचे, म्हणजे फोटो काढतानाचा मूड विसरला जावा आणि फोटो परक्यासारखा बघता यावा. ते त्यांना जरा जास्तच अंगवळणी पडलं असावं, १९८४ मध्ये गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल डेव्हलप न केलेले मागे राहिले, तेवढं कोणी करू नये. पण कल्पना सरळ आहे, आधी मी विसरणार, मग मी बघणार, मग बाकीचे बघतील. तिच्या बाबतीत क्रम उलटा झाला होता. आधी बाकीचे बघायचे, आणि त्यांनी जे सांगितलं तेच तिचं मत व्हायचं. स्वतःचं मत तयार व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आधीच निकाल लागलेला असायचा.

कौतुक नवीन नाही. जुन्या कॅमेरा क्लबांमध्ये आणि सलोन, म्हणजे फोटो-प्रदर्शनाच्या, स्पर्धांमध्ये हेच चालायचं, कुठल्या फोटोला रिबन मिळते हे सगळ्यांना पाठ असायचं आणि मग सगळे तसेच फोटो पाठवायचे. फरक वेगाचा. सलोनचा निकाल यायला महिने लागायचे, तेवढ्यात माणूस दुसरं काहीतरी काढून मोकळा झालेला असायचा. इथे निकाल चहा निवायच्या आत.

बक्षिसाबद्दल एक जुना प्रयोग आहे, १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या मानसशास्त्रज्ञांचा. तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता चित्रं झाल्यावर दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर मोकळ्या वेळात ज्यांना आधी सांगितलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ मार्करशी खेळली, आणि बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही कमी दर्जाची ठरली. मजा अशी की अचानक बक्षीस मिळालेल्यांवर काही वाईट परिणाम झाला नाही. मुलं आणि फोटोग्राफर सारखे नसतात, मान्य, पण हे वाचून मला तिच्या त्या पर्सवाल्या कमेंटची आठवण झाली. ते अचानक मिळालेलं बक्षीस होतं. छत्रीवाल्या फोटोनंतरचं प्रत्येक बक्षीस आधी ठरवून, मोजून, वाट बघून घेतलेलं.

आणि अजून एक लक्षण, जे तिनेच सांगितलं, मला दिसलं नसतं. कॅमेरा उचलावासाच वाटत नव्हता. रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, पडली की फोटो वाईट, रीच चढली की फोटो चांगला, आणि रीच का पडली हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे ती फोटोत चूक शोधत बसायची जी तिथे नव्हतीच. आज आडवा टाकला म्हणून? सकाळी टाकला म्हणून? रंग कमी पडले? ह्यातून कलाकाराला शिकता काहीच येत नाही, कारण शिकायला चूक आणि परिणाम ह्यांचा काही संबंध असावा लागतो.

मग काय काय करून बघितलं ते सांगतो. लाइक्सचा आकडा लपवला, ती सोय मे २०२१ पासून सगळ्यांना आहे, पण तो दुसऱ्यांना दिसत नाही, स्वतःला एक टॅप केला की दिसतोच, आणि इनसाइट्स, म्हणजे अ‍ॅपच दाखवतं ती आकडेवारी, आहेतच, त्यामुळे उपयोग शून्य. अकाउंट काही काळ बंद केलं, त्याने डोकं शांत झालं पण कामाच्या चौकशा आटल्या, आणि ज्या चार-पाच फोटोग्राफरशी ती खरंच फोटोंबद्दल बोलायची तेही तुटले. सगळं सोडून द्या म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, ज्याचं पोट कामावर आहे त्याला अकाउंट हे दुकानाच्या पाटीसारखं असतं, पाटी उतरवून ठेवता येत नाही.

उपयोग झाला तो उशिराचा. नियम केला की नवीन फोटो दोन महिने कुठेही टाकायचा नाही, कोणाला पाठवायचाही नाही, मलाही नाही. दोन महिन्यांनी फोल्डर उघडायचं, आवडतील त्याच्या पोस्टकार्डाएवढ्या स्वस्तातल्या प्रिंट्स काढायच्या, भिंतीला चिकटवायच्या, आणि येता-जाता ज्याकडे नजर जायची बंद होते तो काढून टाकायचा. फीडवर टाकायला जुनं खूप होतं, त्यामुळे अकाउंट चालू राहिलं. पहिले काही आठवडे ती वैतागली होती, "काढून ठेवायचा आणि दाखवायचा नाही, मग काढायचा कशाला?" हा प्रश्न तिला पडला हेच मला महत्त्वाचं वाटलं, कारण सुरुवातीच्या काळात तो तिला कधीच पडला नव्हता. मी काही उत्तर दिलं नाही. पुढे तो प्रश्न तिने परत विचारला नाही, बहुतेक विसरली.

दुसरं, कॅमेरा आडवा. उभा धरायला बंदी नाही, पण उभा धरला तर का ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. आणि तिसरं, जे मी सुचवलं नव्हतं, ती जुन्या एक-स्टारही नसलेल्या फ्रेम्समधून परत फिरली, हळूहळू, मोठ्या स्क्रीनवर. त्यात जे सापडलं ते बघून मला तिचा थोडा हेवा वाटला.

शोमध्ये शेवटी ज्या दहा प्रिंट्स गेल्या त्यातल्या सहा जुन्या, कधीही पोस्ट न केलेल्या, वाफेची काच त्यातच. तीन नवीन, दोन महिने ठेवून मग निवडलेल्या. आणि एक तो छत्रीवाला. त्याबद्दल आमचा वाद झाला, मला तो नको होता, ती म्हणाली की तो पहिला आहे, त्याच्या मागून आलेल्यांची चूक त्याच्या माथी कशाला. बरोबर बोलली. इतरांच्या रांगेत तो एकटा लावल्यावर तो परत एका माणसाचा फोटो वाटायला लागला.

शो झाल्यावर तिने वाफेचा फोटो अकाउंटवर टाकला, आडवा, न कापता. चालला नाही. नेहमीच्या पाव हिश्शालाही पोचला नसेल. तिने तो तसाच ठेवलाय आणि त्या आठवड्यात एक सिल्हूटही टाकलंय, चौकशा यायला हव्यात म्हणून, त्यात मला काही ढोंग दिसत नाही. रील्सचं काय करायचं हे मात्र अजून सुटलेलं नाही. फोटोच्या पोस्ट पुरेशा पोचत नाहीत म्हणून ती पडद्यामागचे व्हिडिओ बनवते, आणि व्हिडिओ बनवायचा म्हणजे फोटो काढताना शेजारी फोन लावून ठेवायचा, म्हणजे जिथे अकरा मिनिटं गुपचूप थांबायचं असतं तिथे आपणच एक छोटं शूटिंग मांडून बसायचं. काचेला नाक लावणारा मुलगा असल्या ठिकाणी आधी फोनकडेच बघणार. सध्या ती रील्स फक्त प्रिंटिंगच्या आणि भिंतीवर चिकटवण्याच्या करते, बाहेर फोन खिशात. किती दिवस पुरतंय बघू.